रेल्वे पोलीस आणि विषारी वायू : एका प्रशिक्षणाचा इतिहास

स्मरणिका समितीचं म्हणणं असं पडलं की, सोसायटीच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तुम्ही जन्मभर रेल्वेत काढलात, तेव्हा तुम्ही काहीतरी रेल्वेचं आणि माहितीचं लिहा. रेल्वेचं म्हटलं की लोकांना वाफेचं इंजिन नाहीतर बोरीबंदरची इमारत आठवते. मी मात्र जरा वेगळा विषय निवडला आहे. स्टेशनवर विषारी वायू पसरला, तर तिथल्या पोलिसानं काय करायचं, हे त्याला कुणी, कधी आणि कसं शिकवलं? हा त्या शिक्षणाचा इतिहास आहे.

विषय आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला रात्री खिडकी उघडली की येणारा उग्र वास काही नवीन नाही. एमआयडीसीतले २०१६ आणि २०२४ सालचे स्फोट आपण खिडक्यांच्या काचांवरून अनुभवले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला रात्री रासायनिक धुरकं पसरलं आणि लोक तोंडाला रुमाल लावून चालत होते, ते आपण मोबाइलवर पाहिलं. आपल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी रोज लोकलनं जातं. फलाटावर काही झालं तर पहिल्या पाच मिनिटांत तिथे अग्निशमन दल नसतं, डॉक्टर नसतात. तिथे असतात स्टेशन मास्तर, तिकीट तपासनीस, हमाल आणि खाकी वर्दीतला पोलीस.

या खाकी वर्दीतही दोन प्रकार आहेत, ते आधी सांगून टाकतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांचा त्यात गोंधळ होतो. लोहमार्ग पोलीस हे राज्य सरकारचे. गुन्हा नोंदवणं, तपास करणं, प्रवाशांची सुरक्षा हे त्यांचं काम. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, हे केंद्राचं. १९५७ च्या कायद्यानं ते उभं राहिलं आणि १९८५ मध्ये त्याला सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. मूळ काम रेल्वेच्या मालमत्तेची राखण. संकट आलं की मात्र प्रवासी वर्दीचा रंग बघत नाही, समोर जो दिसेल त्याचा हात धरतो.

सुरुवात झाली रणांगणावर

वायूपासून बचावाचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं ते पहिल्या महायुद्धात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्यानं ५,७०० हून अधिक सिलिंडरांमधून सुमारे १६० टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. समोरच्या खंदकातल्या सैनिकांना काय येतंय तेच कळलं नाही. हिरवट-पिवळा ढग जमिनीला घासत आला आणि खंदकात उतरला, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो.

चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर आपली लाहोर डिव्हिजन लढायला उतरली. हिंदी सैनिकांकडे गॅसमास्क नव्हते. कापड ओलं करून तोंडावर धरा, एवढीच सूचना. पाणी नसेल तर लघवीत भिजवा, असंही सांगितलं जायचं. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण त्यामागे शास्त्र होतं. क्लोरीन पाण्यात काही प्रमाणात विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्यात त्याचा थोडा तरी भाग अडकतो. त्या दिवशी जमादार मीर दस्त यांनी वायूचा त्रास सोसत आपल्या माणसांना एकत्र ठेवलं आणि जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. छातीवर पदक लागलं, पण वायूनं बिघडलेली प्रकृती काही पूर्वपदावर आली नाही.

त्याच सुमारास जे. एस. हाल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आघाडीवर जाऊन हा वायू क्लोरीनच आहे याची खात्री करून आले. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचना त्यांचीच. चिमुकला पक्षी माणसाच्या आधी कोसळतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. या कॅनरीची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

मग सुधारणा भराभर झाल्या. आधी रसायनात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या, मग डोक्यावरून ओढायची कापडी टोपी, आणि १९१६ पर्यंत नळी व डबा असलेला मास्क. पण मास्क देऊन भागत नाही, हेही लवकरच कळलं. घाबरलेला माणूस मास्क उलटा घालतो, घातला तर गुदमरल्यासारखं वाटून काढून टाकतो. म्हणून कवायत आली. श्वास रोखा, मास्क चढवा, पट्टा ओढा, मग श्वास सोडा. डोळे मिटूनही जमेपर्यंत शंभर वेळा तेच. गॅस प्रशिक्षण हे जे म्हणतात, त्याचं मूळ या कवायतीत आहे.

गॅसची शाळा

१९२५ च्या जिनिव्हा करारानं युद्धात विषारी वायू वापरायला बंदी घातली. तरी कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. पुढच्या युद्धात विमानं थेट शहरांवर गॅस टाकतील, अशी धास्ती सगळ्या युरोपात होती. १९३५ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्यानं हवाई हल्ल्यापासून बचावाचं, म्हणजे ए.आर.पी.चं खातं उघडलं. (ए.आर.पी. हा शब्द आपल्या घरातल्या नव्वदीच्या पुढच्या मंडळींना विचारा. युद्धकाळातल्या मुंबईत काळे कागद लावलेल्या खिडक्या आणि ‘दिवा घालवा’ म्हणून ओरडणारे वॉर्डन त्यांना आठवतील.)

१९३६ मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या फॉलफील्ड या खेड्यात नागरिकांसाठीची पहिली गॅसविरोधी शाळा सुरू झाली. दुसरी यॉर्कशायरमधल्या ईझिंगवोल्डला. कल्पना साधी होती. पोलीस, अग्निशमन आणि नगरपालिकांची निवडक माणसं इथे यायची, शिकायची आणि परत जाऊन आपापल्या ठिकाणी इतरांना शिकवायची. आजच्या भाषेत ज्याला प्रशिक्षकांचं प्रशिक्षण म्हणतात, तेच हे.

त्या वेळी ब्रिटनची रेल्वे चार मोठ्या खासगी कंपन्यांच्या हातात होती आणि प्रत्येक कंपनीचं स्वतःचं पोलीस दल होतं. रेल्वेचं दुखणं इतरांपेक्षा वेगळं होतं. सामान्य नागरिकाला सांगता येतं, ‘भोंगा वाजला की आत जा.’ पण सिग्नल केबिनमधला माणूस आत कुठे जाणार? तो उठला तर गाड्या थांबणार किंवा एकमेकींवर आदळणार. फलाटावरचा पोलीस आत गेला तर हजार प्रवाशांना कोण सांभाळणार? म्हणून रेल्वेच्या माणसांना वायूपासून पळायला शिकवून चालणार नव्हतं. मास्क घालून तिथेच उभं राहून काम कसं करायचं, हे त्यांना शिकावं लागलं.

शिक्षणात काय काय होतं, ते वाचून गंमत वाटते. वासावरून वायू ओळखायचा : कुबट गवतासारखा वास आला तर फॉस्जीन, लसूण किंवा मोहरीसारखा आला तर मस्टर्ड. गॅस आला की लाकडी खुळखुळा फिरवायचा, धोका टळला की हातातली घंटा वाजवायची. भोंगा वेगळा आणि खुळखुळा वेगळा, कारण बॉम्बची सूचना आणि गॅसची सूचना यांत गोंधळ झाला तर लोक चुकीच्या दिशेनं पळतात. रस्त्यावरच्या टपालपेट्यांच्या माथ्यावर एक खास रंग दिला होता, वायू लागला की तो बदलायचा. १९३८ च्या सप्टेंबरात, युद्ध उंबरठ्यावर असताना, ब्रिटननं सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटले. लहान मुलांनी घालायला नको म्हणू नये म्हणून त्यांचे मास्क लाल-निळे केले आणि त्यांना ‘मिकी माउस’ नाव दिलं.

आणि एवढं सगळं करून झालं काय? ब्रिटनच्या एकाही शहरावर गॅस पडला नाही. आग पडली, बॉम्ब पडले, गॅस नाही. युद्ध संपलं, मास्क माळ्यावर गेले, खुळखुळे मुलांच्या खेळण्यात गेले. जे शिकले होते ते निवृत्त झाले, आणि जगातल्या बहुतेक पोलीस दलांत ‘गॅस’ या शब्दाचा एकच अर्थ उरला : अश्रुधूर. म्हणजे पोलिसांनी दुसऱ्यावर सोडायचा गॅस.

भोपाळ : जिथे कुणीच शिकवलं नव्हतं

आता आपल्या देशात या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, रासायनिक क्रिया सुरू झाली, आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेला. कारखान्यापासून भोपाळ स्टेशन दोन किलोमीटरच्याही आत. हाही वायू हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. थंडीच्या रात्री तो वर न जाता वस्त्यांमधून, रुळांवरून पसरत गेला. कारखान्याचा लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. सलग वाजला तो खूप उशिरा.

भोपाळ हे दिल्ली–मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन. रात्री एक वाजताही तिथे फलाट भरलेला असतो. त्या रात्री उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. ते फलाटावर आले तर डोळे चुरचुरायला लागले, घशात आग. स्टेशन अधीक्षक हरीश धुर्वे आपल्या कचेरीत मरून पडले होते. कसला वायू, कुठून आला, त्यावर औषध काय, हे सांगायला कुणीही नव्हतं. त्या वेळी शहरातल्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं.

फलाटावर मुंबई–गोरखपूर मार्गावरची एक्सप्रेस प्रवाशांनी खचाखच भरून उभी होती. सुटायला अजून अवकाश होता. रेल्वेत वेळेआधी गाडी सोडणं म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या माणसाला विचारा. नियमात ते बसतच नाही, वरून परवानगी लागते. दस्तगीर यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. जबाबदारी माझी, म्हणत त्यांनी ती गाडी वेळेआधी काढायला लावली. मग विदिशा आणि इटारसीला निरोप धाडले की भोपाळकडे एकही गाडी पाठवू नका. जवळच्या स्टेशनांकडून डॉक्टर आणि रुग्णवाहिका मागवल्या. आणि मग ते फलाटावरच्या माणसांकडे वळले.

मंडळी, वाहतुकीच्या खात्यात मी आयुष्य घालवलं, म्हणून या निर्णयाची किंमत मला जरा जास्त कळते. त्यांनी केलेल्या गोष्टींत गॅसमास्क नाही, यंत्र नाही. जी गाडी आत आहे ती बाहेर काढा, जी बाहेर आहे ती आत येऊ देऊ नका, एवढंच. हे त्यांना कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. गाडीचं शास्त्र जाणणाऱ्या माणसाला सुचलेली ती गोष्ट होती, आणि तिनं हजारो जीव वाचवले.

किंमतही मोठी पडली. त्या रात्री त्या स्टेशनवरचे वीसहून अधिक रेल्वे कर्मचारी गेले. दस्तगीर स्वतः वाचले, पण वायूनं दिलेल्या दुखण्यातच त्यांची उरलेली वर्षं गेली. २००३ मध्ये ते वारले. भोपाळच्या एक नंबर फलाटावर त्या रात्री कर्तव्य बजावताना गेलेल्यांचं स्मारक आहे. कधी त्या बाजूनं गेलात तर गाडी थांबल्यावर जरूर बघा. सरकारनं सुरुवातीला शहरातले २,२५९ मृत्यू मान्य केले, पुढे आकडा वाढत गेला. बाधितांची संख्या पाच लाखांच्या वर.

सगळ्यात जास्त जिवाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या रात्री हजारो लोक घराबाहेर पडून धावले आणि वारा ज्या दिशेला जात होता, त्याच दिशेला धावले. धावणारा माणूस जास्त जोरात श्वास घेतो, म्हणजे जास्त वायू आत घेतो. दार-खिडक्या बंद करून, ओलं फडकं तोंडावर धरून बसले असते किंवा वाऱ्याला आडवे निघाले असते, तर कित्येक वाचले असते. ओलं फडकं! १९१५ च्या खंदकात जे अडाणी शिपायालाही सांगितलं गेलं, जे १९३८ च्या इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांना पाठ होतं, ते १९८४ च्या भोपाळमध्ये कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

टोकियो : एक दिवस उशीर

यानंतर दहा वर्षांनी जपान. २० मार्च १९९५, सोमवार, सकाळी आठची वेळ. आपल्याकडे ८.१४ ची फास्ट असते तशी गर्दी. ओम् शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या माणसांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांत सारीन या अत्यंत विषारी रसायनाच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आणि छत्रीच्या टोकदार टोकानं फोडल्या.

जपानमध्ये रेल्वे पोलिसांची पद्धत तेव्हा नुकतीच बदललेली होती. सरकारी रेल्वेचे स्वतःचे सुरक्षा अधिकारी असत. १९८७ मध्ये रेल्वेचं खासगीकरण झालं, ती व्यवस्था संपली आणि प्रांतांच्या पोलिसांत रेल्वे पोलीस पथकं तयार झाली. चोरी, छेडछाड, हाणामारी यांसाठी ती तयार होती. वायूसाठी नव्हती.

आणि इथे इतिहासातला विचित्र योग बघा. आदल्या वर्षी जूनमध्ये मात्सुमोतो शहरात याच पंथानं सारीन सोडून माणसं मारली होती. पोलिसांचा संशय पक्का होत आला होता, पंथाच्या ठिकाणांवर २२ मार्चला छापा घालायचं ठरत होतं. म्हणून १९ मार्चला, रविवारी, टोकियोच्या पोलिसांना असाका इथल्या लष्करी तळावर गॅसमास्क आणि संरक्षक पोशाख कसे घालायचे याचं शिक्षण देण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी गॅस आला. पण शिकलेले पोलीस जिथे जाणार होते तिथे तो आला नाही. तो आला भुयारी स्टेशनांवर, जिथल्या माणसांना ‘सारीन’ हा शब्दही ठाऊक नव्हता.

कासुमिगासेकी स्टेशनवर गाडीच्या डब्यात ओली झालेली पुडकी दिसली. उपस्टेशन मास्तर काझुमासा ताकाहाशी आणि त्यांचे सहकारी त्सुनेओ हिशिनुमा यांनी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे, प्रवाशांना त्रास नको म्हणून, ती बाहेर काढली. फरशी वर्तमानपत्रानं पुसून घेतली. हातात होते ते गणवेशाचे पांढरे सुती मोजे. दोघेही गेले. गाडी मात्र पुढे निघाली. दुसऱ्या एका मार्गावर, कोदेनमाचो स्टेशनवर, कुणीतरी ते पुडकं पायानं फलाटावर ढकललं आणि फलाटावरची माणसं कोसळली. मारुनोउची मार्गावरची एक गाडी तर पिशवी फुटल्यानंतरही दीड तासाहून जास्त वेळ धावत राहिली.

भोपाळ आणि टोकियो शेजारी ठेवून बघितलं तर फरक चटकन दिसतो. भोपाळमध्ये काहीच साधनं नव्हती, पण गाड्या थांबल्या. टोकियोत जगातली सगळ्यात शिस्तशीर रेल्वे होती, आणि ती शिस्तीनं धावतच राहिली. यात तिथल्या माणसांचा दोष नाही. ‘गाडी वेळेवर सोडा, डबा स्वच्छ ठेवा’ हेच त्यांना शिकवलेलं, आणि ते त्यांनी जिवावर उदार होऊन केलं. अनोळखी ओलं पुडकं दिसलं तर हात लावू नका, डबा रिकामा करा, गाडी थांबवा, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पोलिसांनी हा वायू सारीन असल्याचं जाहीर केलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तोवर सेंट ल्यूक्स या एका रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली होती. त्या दिवसात तिथे ६४० जण आले. बहुतेकांची एकच तक्रार : सगळं अंधारल्यासारखं दिसतंय. सारीननं डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. रुग्णांचे कपडे तसेच होते, त्यांतून वाफ निघत होती. परिणाम असा की रुग्णालयाच्या ४७२ कर्मचाऱ्यांपैकी ११० जणांना आणि १,३६४ रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांपैकी १३५ जणांना त्रास झाला. कपडे काढून धुण्याआधी रुग्णाला आत घेऊ नये, हा धडा त्या दिवशी मिळाला.

या सगळ्यात रेल्वेनं एक सुंदर कामही केलं. सारीनवरचं ‘पॅम’ नावाचं उताऱ्याचं औषध टोकियोत पुरेसं नव्हतं. नागोयाच्या एका औषध वितरकाची माणसं शिंकान्सेनमध्ये बसली आणि वाटेतल्या स्टेशनांवर थांबत, तिथे आणून ठेवलेली खोकी उचलत टोकियोला पोहोचली.

दोन दिवसांनी, ठरल्याप्रमाणे, पोलिसांनी पंथाच्या आश्रमावर छापा घातला. अंगावर संरक्षक पोशाख, तोंडावर मास्क आणि हातात पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी. हाल्डेन साहेबांच्या खाणीतली ती युक्ती, शंभर वर्षांनी, जगातल्या सगळ्यात आधुनिक देशाच्या पोलिसांच्या हातात!

टोकियोत १४ जणांचे प्राण गेले (चौदावी व्यक्ती पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली) आणि हजारोंना इजा झाली. त्यानंतर मात्र जपान झडझडून कामाला लागला. २००० मध्ये टोकियो पोलिसांत अणु-जैविक-रासायनिक संकटांसाठी खास पथक उभं राहिलं. भुयारी स्टेशनांवरच्या कचरापेट्या हटल्या, पुढे आल्या त्या आरपार दिसणाऱ्या. पोलीस, अग्निशमन दल, रेल्वे आणि रुग्णालयं यांनी मिळून स्टेशनवर सराव करणं ही नित्याची गोष्ट झाली.

आणि आपण?

भोपाळनंतर आपल्याकडे कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ तळेगावच्या सुदुंबरे इथे आहे. २००७ मध्ये रासायनिक आपत्तींसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे नागपूरचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय. १९५७ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशभरातल्या पोलिसांना आणि इतरांना रासायनिक संकटाचं शिक्षण देत आली. एका अर्थी आपलं फॉलफील्डच. रेल्वेची स्वतःची नागरी संरक्षण संघटनाही आहे.

तरी प्रश्न उरतोच, आणि तो ब्रिटन, भोपाळ, टोकियो या तिन्ही ठिकाणी उरला होता. शिकलेली माणसं खास पथकात असतात आणि गॅस येतो तो साध्या हवालदाराच्या पहाऱ्यावर. तळेगावहून पथक कितीही वेगानं निघालं तरी कल्याणला पोहोचायला वेळ लागणारच. १४ जुलै २०१० रोजी शिवडीला बंदराच्या आवारात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरातून क्लोरीन गळला, तेव्हा शंभरहून अधिक लोकांना बाधा झाली, त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन जवानही होते. आता मुंबईत मेट्रो ३ भुयारातून धावते, म्हणजे टोकियोचा धडा आता शब्दशः आपला झाला आहे. त्याशिवाय मालगाड्यांच्या टँकर वाघिणींतून ज्वलनशील आणि विषारी रसायनं याच रुळांवरून जातात. त्यांच्यावरची धोक्याची चौकोनी पाटी वाचता येणं, हे यार्डातल्या पोलिसासाठी बंदूक चालवता येण्याइतकंच गरजेचं आहे.

शंभर वर्षांच्या या शिक्षणाचं सार काढलं तर त्यात महागडं फार थोडं आहे. अनोळखी पुडक्याला, सांडलेल्या द्रवाला हात लावू नका. वारा कुठून येतोय ते आधी बघा आणि वाऱ्याला आडवे सरका. ओलं फडकं क्लोरीन, अमोनियासारख्या वायूंत थोडी मदत करतं, सारीनसारख्या विषात नाही. माणसं बाहेर काढा, गाडी आत येऊ देऊ नका. बाधिताचे वरचे कपडे काढून त्याला पाण्यानं धुवा. आणि आत पडलेल्याला वाचवायला बिनमास्कचे जाऊ नका, नाहीतर एकाचे दोन होतात. हे प्रत्येक हवालदाराला, प्रत्येक होमगार्डला, फलाटावर झाडू मारणाऱ्या प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा अर्धा दिवस शिकवता येईल. मला विचाराल तर इतिहास एवढंच सांगतो आहे : मास्क कोठारात असून उपयोग नाही, माहिती फलाटावर हवी.

हेच आपल्या सोसायटीलाही लागू आहे. आपल्या घरात पाइपचा गॅस आला, तो हवेपेक्षा हलका, वर जातो. ज्यांच्याकडे अजून सिलिंडर आहे, तो गॅस जड, खाली साचतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा. एमआयडीसीकडून उग्र वास आला तर उलट करा : खिडक्या बंद, फटींना ओली फडकी, आणि ‘काय झालंय’ बघायला गच्चीवर किंवा गेटवर गर्दी नको. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा भूमिगत टाकीत कुणालाही असंच उतरवू नका, तिथेही वायू साचतो. ११२, १०१ आणि रेल्वेचा १३९ हे तीन क्रमांक लिफ्टशेजारच्या फलकावर लावावेत, अशी कार्यकारिणीला या लेखाच्या निमित्तानं विनंती.

आणि एक सूचना. रौप्यमहोत्सवाच्या वर्षात सत्यनारायण होईल, ऑर्केस्ट्रा होईल, स्नेहभोजन होईल, सगळं व्हायलाच हवं. त्यात एका रविवारी सकाळचे दोन तास अग्निशमन केंद्राच्या आणि स्टेशनवरच्या पोलीस मंडळींना बोलावून मुलाबाळांसकट सराव करू या. चहा-पोह्यांची जबाबदारी बी विंगची.

— एक सभासद, बी विंग